बंदी आणि व्यसनमुक्ती : आत जाताना व बाहेर येताना

पंचशीलातील पाचवे शील आपण प्रत्येक वंदनेच्या वेळी ग्रहण करतो. १९५६ साली नागपूर येथील धम्मदीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तेव्हा दारू वाईट, नशा वाईट, हे या स्मरणिकेच्या वाचकांस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही आणि प्रस्तुत लेखाचा तो विषयही नाही. ज्याच्याकडून हे शील मोडले, मोडतच राहिले आणि त्यातून जो पोलीस कोठडीत किंवा कारागृहात जाऊन पोहोचला, त्याच्या शरीराचे व मनाचे तेथे काय होते, त्याला कोणते उपचार मिळावयास हवेत आणि आपण बाहेरची माणसे त्यात काय करू शकतो, एवढ्यापुरताच आमचा विषय मर्यादित आहे.

आपल्या राजगुरुनगरच्या न्यायालयाच्या आवारात एखादा दिवस उभे राहिले तर एक वाक्य हमखास कानावर पडते. पोरगा पिऊन मारामारीत सापडलेला असतो, किंवा घरात मारहाण केली म्हणून बायकोनेच तक्रार दिलेली असते. जामिनाची खटपट करावी की नाही यावर नातेवाईक बोलत असतात आणि त्यांतले एक वडीलधारे माणूस म्हणते, "राहू द्या दोन-तीन महिने आत. दारू तरी सुटेल." हे बोलणारे माणूस दुष्ट नसते. बहुतेक वेळा ती त्याची आईच असते, आणि वर्षानुवर्षे सोसून ती या निष्कर्षाला आलेली असते.

या वाक्यात दोन गैरसमज दडलेले आहेत. कोठडीत दारू बंद झाली की माणूस आपोआप बरा होऊ लागतो, हा पहिला. आणि काही महिने दारूवाचून काढले म्हणजे व्यसन संपले, हा दुसरा. वैद्यकीय अभ्यास याच्या उलट सांगतो. व्यसनी बंद्याच्या जिवाला सर्वांत मोठा धोका असतो तो अटकेनंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत आणि सुटकेनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांत. मधला काळ, मग तो तीन महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, त्या मानाने सुरक्षित असतो. आणि नेमक्या या दोन्ही टोकांना कुटुंब व समाज हजर असतात. म्हणूनच हा विषय केवळ तुरुंग अधिकाऱ्यांवर सोडून चालणार नाही, असे आमचे मत आहे.

पहिले चार दिवस

रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूच्या गुंगीशी झगडत काम करण्याची सवय लावून घेतो. गुंगी आणणारा पदार्थ रोज येणार हे गृहीत धरून तो स्वतःला अधिक उत्तेजित ठेवू लागतो. एके दिवशी दारू एकदम थांबली की ती उत्तेजना मोकळी सुटते. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत हातांना कंप सुटतो, घाम येतो, मळमळते, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत कधीही झटका, म्हणजे फिट, येऊ शकते. आणि काही जणांना दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, अंगावर किडे चालल्यासारखे वाटते, आपण कोठे आहोत हे कळत नाही, ताप चढतो, नाडी धावू लागते. ही अवस्था उपचारावाचून जीवघेणी ठरू शकते.

आता हे घड्याळ आपल्या तालुक्यातील एखाद्या नेहमीच्या घटनेवर ठेवून पाहू. शनिवारी रात्री चाकणच्या चौकात भांडण होते, पोलीस माणसाला उचलतात. शेवटचा घोट त्याने नऊ वाजता घेतलेला आहे. रविवारी पहाटे हात थरथरू लागतात, ते भीतीने थरथरतात असे सर्वांना वाटते. रविवारी त्याला सुट्टीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करतात, कारण अटकेपासून चोवीस तासांत हजर करणे हे संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार बंधनकारक आहे. न्यायालयीन कोठडी झाली की पुढचा रस्ता बहुधा येरवड्याचा. म्हणजे सोमवार-मंगळवारच्या रात्री, ज्या वेळी भ्रमाचा धोका सर्वांत जास्त, त्या वेळी तो नव्या जागी, अनोळखी माणसांनी भरलेल्या बराकीत असतो. त्याला ओळखणारे तेथे कोणी नसते. ठाण्यातला हवालदार सुटलेला, कारागृहातला शिपाई नवा. तो बडबडू लागला की कोणी म्हणते सोंग करतो, कोणी म्हणते अंगात आले, कोणी म्हणते वेडा आहे. आणि गप्प बसविण्यासाठी दोन तडाखे पडले तर बोलायलाच नको.

वास्तविक यावरचे औषध महागही नाही आणि दुर्मीळही नाही. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम जातीच्या गोळ्या पहिल्या दिवशी पुरेशा प्रमाणात देऊन दररोज कमी करत जायचे, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व टोचायचे, पाणी व आहार सांभाळायचा. आठवडाभरात धोका टळतो. मात्र त्यासाठी हा माणूस रोज पिणारा आहे ही माहिती डॉक्टरपर्यंत वेळेवर पोहोचली पाहिजे. ती माहिती घरच्यांपाशी असते, आणि घरचे लाजेने ती लपवितात. "आमचा मुलगा पीत नाही हो साहेब," असे ठाण्यात सांगितले जाते, कारण पितो म्हटले तर केस घट्ट होईल अशी भीती असते. ही भीती समजण्यासारखी आहे. पण त्या एका खोट्यामुळे प्राण जाऊ शकतो, हे सभासदांनी घरोघर सांगण्यासारखे आहे.

गर्द, म्हणजे ब्राउन शुगर ओढणाऱ्याची गोष्ट थोडी वेगळी. त्याला आठ-बारा तासांत जी अवस्था येते तिला व्यसनी लोक 'टर्की' म्हणतात. नाका-डोळ्यांतून पाणी, जांभया, पोटात मुरडा, जुलाब, हाडे कुरतडल्यासारख्या वेदना. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कळस गाठते आणि आठवड्यात ओसरते. टर्कीने सहसा माणूस दगावत नाही, पण जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले आणि कोणी लक्ष दिले नाही तर तेही घडू शकते. शिवाय या वेदनांत काही जण जिवाचे बरेवाईट करून घेतात. गोळ्यांच्या नशेची सवय असलेल्यासही एकाएकी बंद केल्यास दारूसारखेच झटके येऊ शकतात. गांजा सोडताना चिडचिड व निद्रानाश होतो, तेथे जिवाला धोका नाही.

कायदा काय देतो

या ठिकाणी विद्यार्थी वाचकांनी थोडे सावकाश वाचावे, कारण कायद्यात आहे पण कोणी मागत नाही अशा गोष्टी येथे आहेत.

अटकेनंतर लवकरात लवकर वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी व्हावी अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ मध्ये आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, परंतु ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होती. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार कोठडीतील माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. १८९४ च्या कारागृह अधिनियमाखालीही नव्या बंद्याची तपासणी करावयाची असते. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेले नेल्सन मंडेला नियम तर स्पष्टच सांगतात की कारागृहात आलेल्या बंद्यात दारू, औषधे वा अमली पदार्थ थांबल्याची लक्षणे आहेत काय हे पाहून त्यानुसार उपचार करावेत. बंद्याला मिळणारी आरोग्यसेवा बाहेरच्या समाजात मिळते त्याच दर्जाची असावी, आणि व्यसनावरील उपचार आत-बाहेर अखंड चालावेत, हेही त्याच नियमांत आहे.

आपल्याकडील मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ हा या बाबतीत महत्त्वाचा कायदा होय. त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या अतिवापराशी निगडित मानसिक अवस्था धरल्या आहेत. म्हणजे व्यसनी माणूस कायद्याच्या दृष्टीने रुग्ण ठरला. याच अधिनियमाने कारागृहांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत व तातडीच्या मानसिक उपचारांचे शिक्षण द्यावे असे म्हटले असून, प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असावे असेही कलम १०३ मध्ये घातले आहे.

अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी १९८५ चा एन.डी.पी.एस. कायदा आहे. तो कठोर म्हणून प्रसिद्ध आहे आणि व्यापाऱ्यांच्या बाबतीत तो तसा आहेच. पण त्याच्या पोटात दोन कलमे अशी आहेत की ती व्यसनी माणसाला हात देतात. कलम ३९ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला लगेच शिक्षा न सुनावता, त्याच्या संमतीने, सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचारासाठी बंधपत्रावर सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. एक वर्षाच्या आत उपचारांचा अहवाल न्यायालयापुढे ठेवावा लागतो. कलम ६४-अ नुसार, अशाच छोट्या गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालविला जात नाही. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र ही सवलत काढून घेता येते. अल्प प्रमाण म्हणजे किती, हेही निश्चित आहे. हेरॉइनसाठी ५ ग्रॅमपर्यंत, चरससाठी १०० ग्रॅमपर्यंत, गांजासाठी १ किलोपर्यंत.

दारूच्या बाबतीत असे खास कलम नाही. दारुड्या आत जातो तो मारामारी, चोरी, घरातील छळ किंवा पिऊन वाहन चालविणे यासाठी. पण १९५८ च्या गुन्हेगार परिवीक्षा अधिनियमात, योग्य प्रकरणी, मादक पदार्थांपासून दूर राहण्याची अट घालून माणसाला बंधपत्रावर सोडता येते. वकिलाने हे न्यायाधीशांच्या नजरेस आणून दिले पाहिजे. वकील नसल्यास, कोठडीतील प्रत्येक व्यक्तीस १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. त्याचे उत्पन्न किती हे पाहिले जात नाही. तालुका विधी सेवा समितीचे काम तालुक्याच्या न्यायालयातूनच चालते. आपल्या समाजातील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ही कलमे पाठ करावीत, परीक्षेसाठी नाही तरी शेजाऱ्यासाठी.

येरवड्यातील दोन वाटा

येरवडा हे नाव आपल्याला पुणे कराराने माहीत आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी तो करार त्या कारागृहात झाला. आपले गावही एका बंद्याच्याच नावाने ओळखले जाते, हे जाता जाता लक्षात घ्यावे. खेडचा शिवराम हरी राजगुरू लाहोरच्या तुरुंगातून २३ मार्च १९३१ रोजी फाशी गेला. तुरुंगात जाणारा प्रत्येक माणूस टाकाऊ नसतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

त्याच येरवड्यात मनोरुग्णालय आहे आणि त्या रुग्णालयाच्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. सुनंदा ऊर्फ अनिता अवचट आणि अनिल अवचट या दांपत्याने ते उभे केले, पु. ल. देशपांडे यांनी देणगी देऊन पाठीशी बळ उभे केले. अनिल अवचट यांनी त्या सुमारास 'गर्द' या नावाने पुणे-मुंबईच्या व्यसनी तरुणांवर लेखन केले होते, ते पुष्कळ वाचकांना आठवत असेल. डॉ. अवचट १९९७ साली आणि अनिल अवचट २०२२ साली निवर्तले. केंद्र चालू आहे, मुक्ता पुणतांबेकर त्याची धुरा सांभाळतात. तेथील पद्धतीत आम्हाला विशेष वाटते ते हे की औषधांनी शरीर शांत करणे हा केवळ पहिला आठवडा असतो. पुढचे काही आठवडे गटात बोलणे, श्रम, समुपदेशन. घरच्यांशी वेगळे बोलणे. आणि घरी गेल्यावरही पाठपुरावा. एकेकाळी व्यसनी असलेली माणसेच तेथे कार्यकर्ते होऊन नव्या रुग्णांजवळ बसतात.

म्हणजे राजगुरुनगरहून येरवड्याकडे जाणाऱ्या एकाच रस्त्याच्या शेवटी दोन दारे आहेत. एकाच व्यसनाची दोन माणसे, एक आपल्या पायांनी मुक्तांगणात जातो, दुसरा बेडी घालून कारागृहात. पहिल्याला उपचाराची पूर्ण साखळी मिळते. दुसऱ्याला यातले किती मिळावे हे त्याच्या नशिबावर राहू नये, एवढेच आमचे म्हणणे.

अर्थात बाहेर तरी सर्वांना उपचार मिळतात असे नाही. दिल्लीच्या एम्स संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकालाच काही ना काही उपचार मिळालेला आहे. तेव्हा कारागृह ही अशी जागा आहे की जेथे उरलेल्या ३७ पैकी कोणीतरी, इच्छा नसली तरी, डॉक्टरच्या समोर येतो. ही संधी वाया जाऊ नये.

आत असताना

कारागृह म्हणजे नशामुक्त जागा हा समज दूर केला पाहिजे. २०२० साली चाकण परिसरात पिंपरी-चिंचवड पोलिसांनी सुमारे २० किलो मेफेड्रोन, ज्याला मुले एम.डी. म्हणतात, ते पकडले होते. त्याच प्रकरणातील येरवड्याचा एक न्यायाधीन बंदी ससून रुग्णालयात उपचारासाठी दाखल असताना तेथून व्यापार चालवीत असल्याचा आरोप २०२३ साली झाला आणि २ ऑक्टोबर २०२३ रोजी तो रुग्णालयातून पळूनही गेला; पुढे पकडला गेला. हे प्रकरण वर्तमानपत्रांतून फार गाजले. अशा प्रकारांचा दुष्परिणाम असा होतो की जो खरा आजारी आहे त्याच्याकडेही संशयाने पाहिले जाते, आणि साध्या फिटच्या रुग्णाला बाहेरच्या रुग्णालयात पाठविण्यास अधिकारी कचरतात. व्यापाऱ्याची शिक्षा रुग्णाला होते, ती अशी.

कारागृहात व्यसनमुक्तीचे प्रयत्न जगभर झालेले आहेत. अमेरिकेतील सॅन क्वेंटिन तुरुंगात १९४२ साली अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेचा गट सुरू झाला. तुरुंगातला तो पहिला गट समजला जातो. आपल्याकडे जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात १९७५ साली सत्यनारायण गोएंका यांनी विपश्यनेचे शिबिर घेतले आणि एप्रिल १९९४ मध्ये, किरण बेदी तिहार कारागृहाच्या महानिरीक्षक असताना, तेथे हजारावर बंदी एकाच शिबिरात बसले. त्याच तिहारमध्ये २००८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाच्या साहाय्याने अफूजन्य व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीचा उपचारही सुरू झाला. एकाच भिंतीआड ध्यान आणि औषध दोन्ही नांदले, हे आम्हाला उद्बोधक वाटते.

विपश्यनेविषयी आपल्या वाचकांना साहजिकच उत्सुकता असणार. अमेरिकेतील सिएटल येथील एका सुधारगृहात १९९७ पासून दहा दिवसांची शिबिरे झाली (ते सुधारगृह २००२ साली बंद पडले). त्यावर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिबिर केलेल्या बंद्यांचे दारू, गांजा व क्रॅक कोकेनचे सेवन सुटकेनंतर तीन महिन्यांनी इतरांपेक्षा कमी आढळले. निष्कर्ष आनंददायक आहे, पण तो जपून घ्यावयास हवा. त्या शिबिरात बसलेले लोक स्वेच्छेने बसलेले होते, आणि ज्याला मुळातच बदलायचे आहे तोच स्वेच्छेने बसतो. दुसरे असे की हातपाय कापत असलेल्या माणसाला डोळे मिटून बसविणे हा उपचार नव्हे. आधी डॉक्टर, मग ध्यान. हा क्रम उलटा केला तर धम्माचीच बदनामी होते.

सुटकेनंतरचे पंधरा दिवस

१९३५ साली अमेरिकन सरकारने केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे व्यसनी बंद्यांसाठी मोठे रुग्णालय-कारागृह उघडले. शेती, दूध-दुभते, कारखाना, डॉक्टर, सर्व काही होते. माणसे तेथे महिनोन्महिने नशेवाचून राहत, धष्टपुष्ट होत आणि घरी परतल्यावर त्यांतले बहुसंख्य पुन्हा व्यसनाकडे वळत. तेथेच काम करणाऱ्या अब्राहम विकलर या डॉक्टरांनी या कोड्याचा पाठपुरावा केला. त्यांना रुग्णांकडून असे कळले की महिनोन्महिने बरा असलेला माणूस आपल्या जुन्या वस्तीजवळ पोहोचताच त्याच्या नाकातून पाणी वाहू लागते, पोटात मुरडा येतो, म्हणजे टर्कीची लक्षणे परत येतात. शरीराने ती जागा, तो वास, ते मित्र, हे सर्व नशेशी जोडून ठेवलेले असते.

येरवड्याहून राजगुरुनगरकडे येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी हा रस्ता पाहा. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, चाकण. प्रत्येक थांब्यावर त्याचा एखादा गुत्ता, एखादी टपरी, एखादा जोडीदार आहे. जामिनाचा आदेश पोहोचून कागद पुरे होईतो बहुधा संध्याकाळ होते. घरचे आलेले नसतात, कारण तारीख कळली नाही किंवा आता त्याचे तोंड पाहायचे नाही असे ठरलेले असते. मित्र मात्र मोटारसायकल घेऊन आलेले असतात. "सुटला, बसूया," असे म्हणत पहिला थांबा कोठे होतो ते सांगावयास नको.

येथे जिवाचा दुसरा धोका आहे. आत असताना शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वी जेवढी गर्द तो रोज ओढत किंवा टोचत असे, तेवढीच आता घेतली तर श्वास बंद पडू शकतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या ३०,२३७ बंद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचे प्रमाण राज्यातील इतर लोकांच्या जवळजवळ तेरापट होते, आणि अमली पदार्थांच्या अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूचे १२९ पट. हे आकडे अमेरिकेचे आहेत, आपल्याकडे दारूचे प्रमाण अधिक व गर्द टोचणारे कमी, म्हणून ते जसेच्या तसे येथे लावू नयेत. पण कारण शरीराचे आहे, देशाचे नाही. दारूचीही सहनशक्ती उतरते, आणि पूर्वीइतकी एका दमात प्यालेला माणूस उलटी घशात अडकून किंवा रस्त्यावर पडून मरतो.

ज्यांना आत असतानाच औषधोपचार चालू ठेवला त्यांचे काय होते, हेही पाहिले गेले आहे. इंग्लंडमधील २०१७ च्या एका अभ्यासात, अफूजन्य व्यसनावरील पर्यायी औषध घेत असतानाच सुटलेल्या बंद्यांत पहिल्या महिन्यातील मृत्यू सुमारे ७५ टक्क्यांनी कमी आढळले. अमेरिकेतील डेलावेअर राज्याचा अनुभव असा की तुरुंगातला उपचार एकटा फार काळ टिकत नाही. सुटकेनंतर बाहेरच्या केंद्राने हात धरला तर टिकतो.

अंगुलिमालाची कथा आपण मुलांना सांगतो. तथागत त्याला भेटतात, तो शस्त्र टाकतो, भिक्खू होतो, येथे आपण थांबतो. पण सुत्तात कथा पुढे आहे. भिक्खू झाल्यावर भिक्षेसाठी श्रावस्तीत गेलेल्या अंगुलिमालावर लोकांनी ढेकळे व काठ्या फेकल्या, डोके फुटून रक्तबंबाळ होऊन तो परत आला. गावाने त्याला लगेच स्वीकारले नाही. आजही सुटून आलेल्याला चाकणच्या कंपनीत कंत्राटी कामासाठी गेले की पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात, आणि तेथेच दार बंद होते. ढेकळाची जागा दाखल्याने घेतली आहे.

सभासदांनी प्रत्यक्ष करावयाचे

एखाद्या घरातील माणसाला अटक झाली असे कळताच, प्रथम घरच्यांकडून एका कागदावर लिहून घ्यावे : रोज काय व किती घेतो, किती वर्षांपासून, शेवटचे केव्हा घेतले, पूर्वी कधी फिट आली होती काय, क्षय, एच.आय.व्ही., मधुमेह किंवा मनाच्या आजाराच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. याच्या तीन प्रती कराव्यात. एक ठाणे अंमलदारास द्यावी, एक वकिलास, आणि एक न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ठेवण्याची विनंती करावी. हजर केले जाते तेव्हा "काही तक्रार आहे काय" असे विचारले जाते. त्या वेळी आरोपीनेच "मला दारूची सवय आहे, डॉक्टर पाहिजे" एवढे बोलले तरी ते नोंदले जाऊ शकते. कारागृहात पाठविताना वैद्यकीय उपचाराचा उल्लेख आदेशात यावा असे वकिलास सांगावे.

मुलाखतीस जाणाऱ्याने पाहावयाचे ते त्याचे हात, झोप आणि बोलण्यातील सुसंगती. कॅन्टीनसाठी पैसे पाठवायचे तर बेताने पाठवावेत. रागावण्याची जागा मुलाखतीची खिडकी नव्हे. त्या वीस मिनिटांत बायकोने घरचा हिशोब मांडला तर तिचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही, पण त्या आठवड्यात दुसऱ्या कोणी तरी पुन्हा जाऊन यावे.

सुटकेचा दिवस जवळ आला, किंवा संचित वा अभिवचन रजेवर तो येणार असला, की दोन माणसे नेमावीत. दोघे न पिणारे असावेत, आणि त्यांतला एक स्वतः व्यसनातून सुटलेला असल्यास फार उत्तम. त्यांनी दारापाशी जाऊन थांबावे, कितीही उशीर होवो. व्यसनमुक्ती केंद्रात आधीच बोलून ठेवले असल्यास घरी न आणता तेथूनच तिकडे न्यावे. येरवड्यात हे अंतर फार नाही. घरी आणावयाचे असेल तर पहिले पंधरा दिवस त्याला एकटे सोडू नये, हातात मोठी रक्कम देऊ नये, आणि त्याने कबूल केले असेल तर रोज संध्याकाळी सहा ते नऊ कोणीतरी सोबत राहावे, कारण जुनी वेळ तीच असते. घरातील स्त्रियांना मारहाणीचा इतिहास असेल तर त्यांच्या संमतीवाचून त्याला त्या घरात आणू नये. त्याची सोय नातेवाइकांकडे करावी. त्याच्या व्यसनमुक्तीसाठी तिची सुरक्षितता खर्ची घालणे आम्हाला मान्य नाही.

कामाच्या बाबतीत, ज्यांची स्वतःची दुकाने, गॅरेज, शेती किंवा बांधकामाची कामे आहेत त्या सभासदांनी पहिल्या तीन महिन्यांसाठी काहीतरी काम द्यावे आणि मजुरी रोज रोख न देता आठवड्याने घरातील जबाबदार व्यक्तीच्या उपस्थितीत द्यावी, अर्थात त्याच्याशी आधी ठरवून. तो पुन्हा प्याला तर पुन्हा केंद्रात न्यावे. एकदा घसरणे हे या आजारात इतके सामान्य आहे की त्यावरून उपचार फुकट गेला असे ठरविता येत नाही. केंद्र सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक घरातील कोणालाही वापरता येतो, व्यसनी माणसाने स्वतःच केला पाहिजे असे नाही.

सुटताना कारागृहाच्या दवाखान्यातून उपचारांचे कागद मागून घ्यावेत. क्षय किंवा एच.आय.व्ही.ची औषधे चालू असल्यास किती दिवसांच्या गोळ्या हातात दिल्या आहेत ते मोजावे, आणि त्या संपण्यापूर्वी चांडोलीच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन पुढे काय करावयाचे ते विचारून घ्यावे. कागद घेण्याचे राहून गेले तर रिकाम्या पाकिटांवरील नावे तरी जपून ठेवावीत. डॉक्टरला तेवढ्यावरूनही पुष्कळ कळते.